मंदीनंतर किनाऱ्यावरची घरं सावरली, पण कुणाची?

सागरवाट:
"समुद्राकाठचं घर आहे ना, मग थोडा धीर धर, सगळं वसूल होतं," असं परवा एका मित्रानं पुन्हा ऐकवलं. पुरावा म्हणून अमेरिकेतली २००८ ची मंदी. घरांच्या किमती मोजणारा देशभराचा केस-शिलर निर्देशांक २००६ च्या शिखरावरून २०१२ च्या सुरुवातीपर्यंत साधारण २७ टक्के घसरला आणि २०१६ मध्ये जुनं शिखर ओलांडून गेला. सॅन फ्रान्सिस्को परिसर तर ४० टक्क्यांहून जास्त कोसळला होता, तोही तोवर भरून निघाला. आकडे खरे आहेत. पण वसूल कुणाचं झालं?

आम्ही तेव्हा तिथेच, खाडीच्या पूर्वेला भाड्यानं राहत होतो. २००९ मध्ये शेजारचं घर बँकेनं ताब्यात घेतलं. आधी तिथल्या दोघांचा कर्जाचा हप्ता वाढला, मग त्यातल्या एकाची नोकरी गेली. ते सोडून गेल्यावर अंगणातलं गवत वाळून पिवळं पडलं. एके सकाळी एक माणूस पाठीवर पंप अडकवून आला आणि त्या वाळल्या गवतावर त्यानं हिरवा रंग फवारला. विक्रीच्या फोटोत घर नांदतं दिसावं म्हणून. आमच्या कुंपणाच्या खालच्या फळ्यांवर तो रंग पुढे कित्येक महिने होता.

घर जप्त झालेल्याला, बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमाप्रमाणे साधारण सात वर्षं नवं गृहकर्ज मिळत नाही. २००९ मध्ये सात मिळवा. २०१६. ज्या वर्षी या माणसांना कर्जाचं दार उघडलं, त्याच वर्षी किमती नव्या शिखरावर होत्या. स्वस्ताईची सगळी वर्षं त्यांनी बाहेर उभं राहून काढली. याला बाजार सावरणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आकडेमोड:
शेजाऱ्यांचं वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. किमती वर आल्या नसत्या तर काय झालं असतं, तेही बघा. लाखो लोकांचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झालं होतं. घर विकलं तरी कर्ज फिटत नाही, म्हणून दुसऱ्या गावी नोकरी मिळाली तरी जाता येत नाही, कमी व्याजाचं नवं कर्ज काढून जुनं फेडावं तर तेही बँक देत नाही. हप्ते भरत टिकून राहिलेल्या त्या सगळ्यांची सुटका किमती वाढल्यामुळेच झाली. तीही माणसंच आहेत. त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यांच्या अंगणात कुणी रंग फवारला नाही.

आणि तुमच्या मित्राचंही चूक आहे. जुनं शिखर सर्वांत आधी ओलांडलं ते डॅलस आणि डेन्व्हरनं, २०१३ मध्ये. दोन्ही शहरांपासून समुद्र कोसो दूर. ती सावरली कारण मुळात फार पडलीच नव्हती. उलट किनाऱ्यावर एका बाजूला पाणी, दुसरीकडे डोंगर, वर बांधकामाचे कडक नियम. कॅलिफोर्नियाचा किनारा कायदा १९७६ पासून आहे. मागणी वाढली की नवी घरं उभी राहत नाहीत, नुसत्या किमती चढतात. आटली की तितक्याच जोरात उतरतात. झोका मोठा असतो, एवढंच त्यात समुद्राचं कर्तृत्व.

पाणथळ:
"एवढंच" कसं? लास वेगासला भोवती वाळवंट, बांधायला वाटेल तितकी जागा, तरी ते ६० टक्क्यांच्या आसपास पडलं. बॉस्टन समुद्राला लागून, तिथं घसरण साधारण २० टक्के. भूगोलाआधी कर्ज कुणाला आणि कसलं वाटलं होतं ते बघायला हवं.

दक्षिणकिनारा:
मी मायामीत आहे, म्हणून इथलं सांगते. किनारा म्हणून सगळे एकाच गाठोड्यात बांधू नका. कॅलिफोर्नियात जप्ती बहुतेक कोर्टाबाहेर, काही महिन्यांत उरकते. फ्लोरिडात प्रत्येक जप्ती कोर्टातून जाते. आमच्या इमारतीत एक फ्लॅट तीन वर्षं तसाच पडून होता. एसी बंद, भिंतीला काळी बुरशी, आणि त्याचा देखभालीचा खर्च आम्हा बाकीच्यांच्या डोक्यावर. मायामी निम्म्यावर आलं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मानानं फार उशिरा वर आलं, त्यात या रेंगाळण्याचाही हात होता.

आणि कॉन्डोंचा, म्हणजे फ्लॅटचा, बाजार उठला तो कुणाच्या पैशावर? लॅटिन अमेरिकेतून आलेल्या रोख पैशावर. नव्या इमारतींत बिल्डर बांधकाम पुरं व्हायच्या आतच किमतीच्या निम्मी रक्कम मागू लागले. बँकेवरचा धोका कमी झाला, हे मान्य. पण इथल्या शाळेतल्या शिक्षिकेनं निम्मी रक्कम कुठून आणायची?

उशिराचाग्राहक:
सागरवाट, तुमचं वाचून त्रास झाला, म्हणून लिहितो. मी २०११ मध्ये जप्तीतलंच घर घेतलं. बारा वर्षं पै पै साठवून. त्याआधी दोन घरांवर माझी बोली चढी होती, तरी घरं रोखवाल्याला गेली. तिसरं मिळालं त्यात स्वयंपाकघराचे ओटेसुद्धा कुणी काढून नेले होते. आमच्यासारख्यांनी त्या वर्षांत हिंमत केली नसती तर तळ लागलाच नसता. मालमत्ता कराला लगाम घालणारा तेरावा प्रस्ताव १९७८ चा, त्यामुळे कॅलिफोर्नियात करासाठीचं मूल्य खरेदीच्या किमतीवर ठरतं आणि वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढतं. स्वस्तात घेतल्याचा फायदा मला आजही होतोय, ते मी लपवत नाही. पण मी कुणाचं घर हिसकावलं नाही.

सागरवाट:
उशिराचाग्राहक, तुमच्याकडे माझं बोट नव्हतं. तुमची चढी बोली डावलून रोखवाल्याला घर दिलं गेलं, ही माझीच तक्रार आहे. घोळक्यानं घरं उचलून भाड्यानं लावणाऱ्या कंपन्यांना ना सात वर्षं थांबावं लागलं, ना कर्जमंजुरीची वाट बघावी लागली.

आकडेमोड यांचा टिकून राहिलेल्यांचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता. तो घेतो. तरीही देशातलं स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण २००४ मध्ये ६९ टक्क्यांवर गेलं होतं, ते २०१६ च्या मध्याला ६३ च्या खाली आलं. किमती नव्या शिखराला पोचल्या, ते हेच वर्ष.

आकडेमोड:
त्या ६९ मध्ये ऐपत न बघता दिलेली कर्जं होती. तिथं परत जायचं का? शिवाय सात वर्षं सगळ्यांनाच नव्हती, एफएचएच्या, म्हणजे सरकारी विमा असलेल्या, कर्जाला तीनच वर्षं लागतात. तुमच्या शेजाऱ्यांना २०१२ मध्ये, ऐन तळाला, घेता आलं असतं.

सागरवाट:
कागदावर, हो. २०१२ मध्ये ते दोघं किनाऱ्यापासून आत, खोऱ्यातल्या एका गावात भाड्यानं राहत होते. त्याला पुन्हा काम मिळालं होतं, पण जुन्या पगाराच्या दोन तृतीयांशावर, आणि रोज पहाटे चारला निघून खाडीपर्यंत यायचं. साठवलेलं सगळं आधीच्या घराचे शेवटचे हप्ते भरण्यात गेलं होतं. एफएचएला किमतीच्या साडेतीन टक्केच आधी भरावे लागतात, हे मीच त्याला फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला, "आधी गाडीचे टायर बदलायचेत."