मदत हवी: मशीन लावल्यापासून सडाच्या तोंडाशी पांढरं कडं, धार बारीक झाली

नमस्कार मंडळी,
एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाय, दुसरं वेत, पाच महिन्यांची गाभण. दोन्ही वेळचं मिळून ११ लिटर दूध. बकेट मशीन (दूध बादलीत ओढणारं दोहन यंत्र) लावून तीन महिने झाले. मागच्या उजव्या सडाच्या छिद्राभोवती पांढरट, खरबरीत कडं आलंय, बोटाला वाळलेल्या भाकरीच्या कडेसारखं लागतं. हाताने पिळलं तर इतर तीन सडांची धार जाड, याची सुईसारखी आणि तिरकी. सीएमटी (कासेचा दाह ओळखायची द्रावणाची चाचणी) चारही सडांची केली, दूध घट्ट होत नाही. व्हॅक्यूमच्या (ओढीच्या) गेजवर ५२ किलोपास्कल. चार गायी एकाच क्लस्टरवर (सडांना लावायच्या चार कपांचा संच). मशीन वापरलेलं घेतलंय, लायनर (कपातली रबरी नळी, जिच्यात सड बसतो) सोबत आलेलेच आहेत. गावात सांगतात की कडुनिंबाची काडी तासून, तूप लावून छिद्रात फिरवली की मोकळं होतं. फिरवावी का?

शिवारवाट
काडी नको. तार नको, रिफिलची नळीही नको. बाहेरून टाचणीएवढं दिसणारं ते छिद्र म्हणजे साधारण १ सेंटिमीटर लांबीच्या नळीचं तोंड. नळीभोवती गोल स्नायू, आत मेणासारखा केराटिनचा थर. कासेत शिरणाऱ्या जंतूंना पहिला अडसर तोच. काडीने थर खरवडला जातो, स्नायू फाटतो, मग सड कायमचा गळका होतो. जखम भरताना आत व्रण धरला तर धार आणखी बारीक होते, आणि दगडी (कासदाह) येते ती वेगळीच.

आता आधी अडथळा कुठे आहे ते बघा. पिळून झाल्यावर मूठ सैल केली की सड दुधाने लगेच भरतो का? भरत असेल आणि धारच बारीक असेल, तर अडचण टोकाशी. भरायलाच वेळ लागत असेल तर अडथळा वर, कास आणि सड जुळतात तिथे. मग अंगठा आणि बोटांमध्ये सड हळू लाटून बघा. वाटाण्यासारखी गाठ किंवा दोरीसारखं काही लागलं तर पशुवैद्यकांनाच बोलवा. सड कापून मोकळा करणं हे त्यांचं काम आहे.

धारकरी
कडं बहुतेक मशीनमुळेच आहे. ५२ जास्त होतं, बकेट मशीनला ४२ ते ४४ वर आणा. पल्सेटर (लायनरची उघडझाप करणारा भाग) मिनिटाला ६० ठोके देतो का, घड्याळ लावून मोजा. रबरी लायनर २५०० दोहनांना किंवा ६ महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा बदलायचे. चार गायी, दोन वेळा, म्हणजे दिवसाला ८ दोहनं. आकड्याने १० महिने निघतात, पण रबर त्याआधीच कडक होतं. तुमच्या लायनरचं वय माहीत नाही, तेव्हा चारही आजच बदला.

सगळ्यात जास्त नुकसान कोरड्या सडावर मशीन चालू ठेवल्याने होतं. धार थांबली की आधी व्हॅक्यूम बंद, मग कप काढा. चालू व्हॅक्यूममध्ये कप ओढू नका. सुरुवातीलाही घाई नको: सड पुसा, पहिल्या तीन-चार धारा काळ्या कपात काढा आणि मिनिटभरात पान्हा आला की कप लावा. कडं एका दिवसात जाणार नाही, काही आठवडे धीर धरा.

धागाकर्ता
सड लगेच भरतो, गाठ लागत नाही. लायनर मागवले, गेज ४३ वर आणलंय. दोन शंका. सड बुडवायचं द्रावण घरी कसं करायचं? आणि दोन महिन्यांनी गाय आटवताना (दूध बंद करताना) सडात औषधाची ट्यूब भरायची, तेव्हा छिद्राला इजा होऊ नये म्हणून काय करू?

शिवारवाट
५ टक्के पोविडोन आयोडीन ६ भाग, ग्लिसरीन १ भाग. पाणी घालू नका, त्या बाटलीत उपलब्ध आयोडीन मुळात अर्धा टक्काच असतं. ग्लिसरीनने कडं मऊ राहतं. धार झाल्याबरोबर सड पूर्ण बुडवा, कपात उरलेलं फेकून द्या. छिद्र मिटायला अर्धा-एक तास लागतो, म्हणून चारा धारेनंतर टाका म्हणजे गाय उभी राहते. ओल्या शेणात बसली तर सगळी मेहनत वाया.

ट्यूब कोणती ते डॉक्टर ठरवतील. भरताना शेवटची धार पूर्ण काढा. स्पिरिटचा बोळा दर सडाला नवा घ्या, आणि बोळ्यावर मळ दिसेनासा होईपर्यंत टोक पुसा. पुसताना पलीकडचे दोन सड आधी, अलीकडचे नंतर. भरताना उलट, अलीकडचे आधी, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही घासत नाही. नळीचं टोक जेमतेम ३ मिलिमीटर आत घाला. पूर्ण खुपसलं तर तोच केराटिनचा थर फाटतो. भरून झालं की पुन्हा द्रावणात बुडवा.