घरगुती क्लीनर: व्हिनेगर-सोड्याच्या मिश्रणाने खरंच पैसे वाचतात का?

चकचकीत:
काचेची बाटली वेगळी, ओट्याची वेगळी, बाथरूमची वेगळी, फरशीची तर दोन प्रकारची. हे सगळं कमी करायचं आहे. घरी करायच्या कृती शोधल्या की जिथे तिथे एकच सल्ला: व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून बाटली भरून ठेवा. फेस छान येतो, पण नळावरचे पांढरे डाग हलत नाहीत. हे मिश्रण चालत का नाही? मग कशासाठी काय आणि किती घ्यायचं? आणि व्हिनेगरच्या बाटल्या आणून खरंच बचत होते का? पाणी क्षाराचं आहे.

तोलून_मापून:
व्हिनेगर आम्ल आहे, सोडा अल्कली. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारतात. उरतं ते सोडियम ॲसिटेट, म्हणजे एक क्षार, आणि पाणी. फेस म्हणजे निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड, त्याने डाग निघत नाही. नेहमीच्या ५ टक्के व्हिनेगरच्या एका लिटरला निकामी करायला साधारण ७० ग्रॅम सोडा पुरतो. सोडा त्याहून कमी घातला तर पातळ झालेलं व्हिनेगर उरतं, जास्त घातला तर सोड्याचं पाणी. दोन्ही विकत घेऊन एकही न वापरल्यासारखं. शिवाय मिश्रण घट्ट झाकणाच्या बाटलीत भरलं तर वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते.

आता पैशाचं. पांढरे डाग आणि खवले म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याला आम्लच लागतं, पण ते व्हिनेगरच असायला हवं असं नाही. सुमारे ५५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड लिटरभर पाण्यात विरघळवलं की आम्ल म्हणून ते एक लिटर व्हिनेगरच्या बरोबरीचं होतं. म्हणजे एक किलो सायट्रिक ॲसिड आणि साधारण अठरा लिटर व्हिनेगर, या दोन भावांची तुलना करा. वासही येत नाही. व्हिनेगरच्या बाटलीत बहुतेक पाणीच असतं, आपण तेच विकत घेतो.

नळासाठी: लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि अर्धा चमचा भांड्यांचं लिक्विड. फडकं भिजवून नळाला गुंडाळा, १५-२० मिनिटांनी काढा, घासा, भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका, मुलामा खराब होतो. लिक्विड घालायचं कारण म्हणजे बाथरूममधला थर नुसत्या क्षाराचा नसतो, त्यात साबणाचा मेणचटपणाही असतो. इथे लिक्विडच हवं. साबण किसून घातला तर आम्लाने तो फाटतो आणि पांढऱ्या गुठळ्या तरंगतात.

किटलीसाठी: लिटरला २० ग्रॅम, पाणी कोमट ते गरम, अर्धा तास. उकळू नका. पाणी फार गरम असलं तर कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका खाली बसतो आणि एक थर काढता काढता दुसरा तयार होतो. नंतर दोनदा साधं पाणी उकळून ओता.

कुठे वापरायचं नाही: संगमरवर, चुनखडीचा दगड, मोझाइक, ॲल्युमिनियम, ओतीव लोखंड. संगमरवरावर आम्ल पडलं की चकाकी जाते. तो डाग नसतो, दगडच खाल्लेला असतो. पुसून तो भरून येत नाही, पुन्हा पॉलिश करावं लागतं.

घासणी:
वरचं सगळं क्षारासाठी. ओट्यामागच्या टाइल्स आणि चिमणीचा चिकट थर म्हणजे जुनं तेल, तिथे आम्ल टाकून काही होत नाही. त्याला धुण्याचा सोडा लागतो, खाण्याचा नव्हे. खाण्याच्या सोड्याचा पीएच आठच्या थोडा वर, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा अकराच्या आसपास. फरक तिथेच पडतो.

एक लिटर गरम पाणी, २० ग्रॅम धुण्याचा सोडा, एक चमचा भांड्यांचं लिक्विड. हातमोजे घाला. फडक्याने लावा, दहा मिनिटं ओलं राहू द्या, वाळू देऊ नका. मग पुसा आणि साध्या पाण्याने पुन्हा पुसा. हा शेवटचा हात चुकवला की पांढुरकी पूड दिसते आणि लोक सोड्यालाच नावं ठेवतात.

चिमणीची जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको, ती काळवंडते. तिथे गरम पाणी आणि नुसतं लिक्विड. स्टीलची असेल तर खुशाल भिजवा.

घेताना पाकीट बघा. खड्यांच्या रूपातल्या धुण्याच्या सोड्यात वजनाच्या ६० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कोरडी पूड २० ग्रॅम लागत असेल तिथे खडे ५० ग्रॅमच्या वर लागतात. किलोचा भाव कमी दिसला म्हणून फसू नका.

खाण्याचा सोडा मग कशाला? सिंक आणि कपातले चहाचे डाग घासायला. पाण्यात कालवून लगदा करा. तो मऊ असल्याने ओरखडे कमी पडतात. तेवढंच त्याचं काम.

खिडक्या_उघडा:
महत्त्वाचं राहिलं. यातलं कुठलंही आम्ल ब्लीचजवळ नेऊ नका. क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेटमध्ये सायट्रिक ॲसिड टाकलं असेल तर ब्लीच त्या दिवशी नकोच. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका बाटलीत भरायची कृतीही फिरत असते, त्यातून डोळे आणि घसा जाळणारं पेरॲसिटिक ॲसिड तयार होतं.

आणि स्वच्छ करणं वेगळं, जंतू मारणं वेगळं. त्यासाठी व्हिनेगरवर भिस्त ठेवू नये. घरात कोणी आजारी असेल तर पृष्ठभाग आधी साबणाने धुवा, साबण काढून टाका, मग लिटरभर गार पाण्यात ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिली घालून लावा आणि काही मिनिटं ओलं राहू द्या. हे पाणी रोज ताजं करायचं, उन्हाने आणि मळाने त्याचा जोर उतरतो.

दोरीवरचे_कपडे:
कपड्यांच्या पावडरीबद्दल विचारलं नाहीत, पण त्याच कृतींच्या शेजारी 'किसलेला साबण + सोडा' हमखास असतो. क्षाराच्या पाण्यात तो करू नका. साबण कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा साका होतो, तो टॉवेलच्या धाग्यांत आणि मशीनच्या ड्रममागे साचतो. टॉवेल करडे पडतात, पाणी शोषत नाहीत. पुढे मशीन साफ करण्यात वाचलेले पैसे जातात. त्यापेक्षा नेहमीच्या पावडरीचं माप थोडं कमी करून सुती कपड्यांना चमचाभर धुण्याचा सोडा घाला. सोडा कॅल्शियमला अडवतो, पावडर मळावर खर्च होते. लोकर आणि रेशीम यापासून लांब ठेवा.

चकचकीत:
सगळ्यांचे आभार. म्हणजे सायट्रिक ॲसिड, धुण्याचा सोडा आणि भांड्यांचं लिक्विड एवढ्यावर भागेल. महिन्याभराचं एकदम करून ठेवलं तर चालेल का? आणि काच आणि फरशीचं काय?

तोलून_मापून:
पूड कोरडी ठेवा, पाणी लागेल तेव्हा मिसळा. सायट्रिक ॲसिडच्या पातळ पाण्यात आठवड्या-दोन आठवड्यांत बुरशीचे धागे दिसू लागतात, मग स्प्रेचं तोंड तुंबतं. बाटलीवर नाव आणि तारीख लिहा, पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बाटलीत मुळीच भरू नका.

काचेला लिटरभर पाण्यात लिक्विडचे दोन-तीन थेंब, बस. रेघा उठतात त्या बहुतेक वेळा लिक्विड जास्त झाल्याने. कोरड्या मायक्रोफायबरच्या फडक्याने लगेच पुसा. टीव्ही आणि फोनच्या काचेला हे नको.

फरशीला बादलीभर पाण्यात एक चमचा लिक्विड. पाऊल चिकटायला लागलं तर अर्धा चमचा करा.