पश्चिम क्षेत्रीय परिषदेत कर्नाटक का नाही?

प्रश्न : चंदगडकर

नमस्कार. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात पश्चिम क्षेत्रीय परिषदेची, म्हणजे शेजारी राज्यांनी केंद्रासह आपसांतील प्रश्नांवर चर्चा करण्याच्या मंडळाची, सत्ताविसावी बैठक झाली आणि नेमक्या त्याच दिवसांत, बसकर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांमुळे, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील बससेवा खंडित झाली. आमच्या चंदगड तालुक्याचे औषधपाण्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळे बेळगावात. आईच्या तपासणीची तारीख आधीच ठरली होती. सीमेवरच्या शिनोळीला उतरून, तपासण्यांच्या कागदांची पिशवी काखेत धरून, तिला हळूहळू चालवत पुढे नेले आणि रिक्षा शोधली. सीमावाद आणि आंतरराज्य वाहतूक हे दोन्ही विषय या परिषदेच्या कार्यकक्षेत येतात, असे वाचले. मग कर्नाटक त्या बैठकीत का नव्हते? आणि असते, तरी काही फरक पडला असता का?

उत्तर : निवृत्त अध्यापिका (राज्यशास्त्र)

कर्नाटक नव्हते, कारण ते दक्षिण क्षेत्रीय परिषदेचे सदस्य आहे. पश्चिम परिषदेत महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेश एवढेच येतात. मात्र आरंभी असे नव्हते, आणि मला हीच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. भाषावार प्रांतरचनेने राज्याराज्यांत कटुता येईल, हे ओळखून पंडित नेहरूंनी डिसेंबर १९५५ मध्ये अशा परिषदांची कल्पना मांडली आणि राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ अन्वये पाच परिषदा अस्तित्वात आल्या. त्या मूळ कायद्यात पश्चिम क्षेत्र म्हणजे मुंबई आणि म्हैसूर (आजचे कर्नाटक) ही दोनच राज्ये होती. ज्यांच्यात वाद, तेच एका टेबलाशी बसतील अशी ती योजना होती. मुंबई सरकारने जून १९५७ मध्ये सीमाप्रश्नावर केंद्राला जे निवेदन दिले, तेही याच कायद्याच्या कलम २१ मधील सीमावादविषयक तरतुदीच्या आधारे. पुढे म्हैसूर दक्षिणेत गेले आणि ज्या प्रश्नासाठी पश्चिम परिषदेची सर्वाधिक गरज होती, तोच तिच्या दाराबाहेर राहिला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबाबत : परिषद केवळ सल्लागार आहे. केंद्रीय गृहमंत्री अध्यक्ष, मुख्यमंत्री आळीपाळीने एकेक वर्ष उपाध्यक्ष, आणि प्रत्येक राज्याचे मुख्यमंत्री धरून तीन मंत्री सदस्य, अशी तिची रचना आहे. बैठकीत बहुमताने निर्णय होतो. परंतु तो कोणत्याही राज्यावर बंधनकारक नसतो.

उत्तर : माजी मंत्रालयीन अधिकारी

बाईंनी सांगितलेला इतिहास योग्य आहे. पण ‘केवळ सल्लागार’ या शब्दांमुळे परिषद निरुपयोगी आहे असा समज होऊ नये. खरे काम मुख्य सचिवांच्या स्थायी समितीत होते. तेथे विषयांची छाननी होते, बरेचसे प्रश्न तेथेच मिटतात, आणि मंत्र्यांपुढे उरलेलेच जातात. गावापासून पाच किलोमीटरच्या आत बँकिंग सुविधा, महिला व बालकांवरील अत्याचारांच्या खटल्यांसाठी जलदगती न्यायालये, ११२ ही आपत्कालीन सेवा, यांचा आढावा या बैठकांत घेतला जातो. हे विषय वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येत नाहीत, म्हणून ते क्षुल्लक ठरत नाहीत.

सीमाप्रश्नाचे मात्र वेगळे आहे. या वादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला, २००४ मध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि दावा प्रलंबित असताना कोणतेही सरकार परिषदेत तडजोडीचा शब्द उच्चारणार नाही. कर्नाटक पश्चिमेत असते, तरी बेळगावचा निकाल तेथे लागला नसता.

चंदगडकर

साहेब, निकालाची अपेक्षा मी करतच नाही. दावा न्यायालयात चालू द्या. वाद भडकला तरी रुग्ण, विद्यार्थी आणि कामगार यांची गाडी बंद पडणार नाही, एवढी व्यवस्था दोन्ही राज्यांना मिळून करता येणार नाही का?

उत्तर : निवृत्त अध्यापिका

येईल, आणि त्यासाठी कायद्यात बदलही नको. त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये क्षेत्रीय परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद आहे. पश्चिम आणि दक्षिण परिषदा एकत्र बसू शकतात. डिसेंबर २०२२ मध्ये गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावले आणि प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरली, पण ती त्या वेळच्या तणावापुरती सोय होती. वाहतुकीचा प्रश्न जमिनीच्या मालकीपासून वेगळा काढून, ‘तणावाच्या काळातील आंतरराज्य बससेवा’ एवढ्याच मर्यादित विषयावर संयुक्त बैठकीची मागणी करावी, असे माझे मत आहे. असा विषय राज्य सरकारकडून मांडता येतो. म्हणून निवेदन आपल्या आमदारांमार्फत मुख्य सचिवांकडे द्यावे आणि त्यात शिनोळीचा तो प्रसंग तारखेसह लिहावा.