मदत हवी आहे : पात्रांच्या सामानाचा भार कसा मोजावा?

कंदीलधारी
शनिवारी आमच्या रोल-प्लेइंग खेळाचा (प्रत्येकाने एकेक पात्र चालवायच्या खेळाचा) डाव आहे आणि सामानाचा नियम अजून बसत नाही. मागच्या डावात तिजोरी सापडताच चौघेही कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर, वजनांच्या बेरजा करू लागले, आणि दाराबाहेर राक्षस उभा असताना वीस मिनिटे कोणी फासा हातात घेतला नाही. पौंड काढून प्रत्येक पात्राला सामानाचे ठरावीक कप्पे द्यायचे ठरवले आहे. पण नाणी आणि बाण कप्प्यांत कसे मोजावेत? कृपया आकडे सांगावेत. ‘वजन मोजूच नका’ हे उत्तर नको आहे.

दहाफासे
खेळ कोणता, हे आपण लिहिलेले नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती असेल, तर पात्राच्या शक्तीच्या आकड्याच्या पंधरापट पौंड वाहता येतात, हा सोपा नियम पुस्तकातच आहे. तो असताना नवे काही रचण्याची गरज मला दिसत नाही.

जुनाडीएम
त्या नियमाने शक्ती 10 असलेला माणूस 150 पौंड, म्हणजे सुमारे 68 किलो, विनासायास वाहतो, त्यामुळे कोणाला काही मागे ठेवावेच लागत नाही. त्याच पुस्तकातला पर्यायी नियम पाहा : शक्तीच्या पाचपटीहून जास्त पौंड घेतले, की पात्राची चाल 10 फुटांनी घटते. शक्ती 13 असेल तर मर्यादा 65 पौंडांची. त्यात साखळी चिलखताचे 55, ढालीचे 6 आणि लांब तलवारीचे 3 गेले की दहा पौंडांचा दोर घ्यायचा की नाही, हा खरा प्रश्न होतो. मला हा नियम मनापासून आवडतो, मात्र त्यातही बेरीज करावीच लागते.

गडवाट
मी बरीच वर्षे ट्रेकिंग करतो. सॅकमध्ये जड वस्तू पाठीलगत आणि खांद्यांच्या उंचीजवळ ठेवल्यास तोल राहतो, तेव्हा सामान कुठे बांधले आहे यालाही नियमात स्थान द्यावे.

दहाफासे
प्रश्न नाणी आणि बाणांचा आहे. सॅक भरण्याचा नाही.

कंदीलधारी
खेळ आम्ही स्वतः रचलेला आहे, हे लिहायचे राहिले. शक्तीचा आकडा 1 ते 6 असतो आणि सगळी मोहीम भुयारातली आहे, त्यामुळे मशाली संपणे हाच मुख्य धोका आहे.

जुनाडीएम
हे आधी कळले असते, तर पौंडांचा विषय मी काढलाच नसता. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत दहा हलक्या वस्तूंचा भार एक धरतात, आणि 1000 नाण्यांचाही एकच. आपल्या भुयारासाठी हे प्रमाण फार उदार ठरेल. आठ अधिक शक्ती इतके कप्पे द्या. वीस बाणांच्या भात्याला एक, तीन मशालींना एक, शंभर नाण्यांना एक आणि चिलखताला तीन कप्पे धरा. अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पहिल्या आवृत्तीत दहाच नाण्यांचा पौंड होत असे, म्हणून खजिना उचलताना हात थबकत असे. तो क्षण आपल्या खेळात यायला हवा.

पाऊलखुणा
बाण मोजूच नयेत असे मला वाटते. ब्लॅक हॅक या खेळात वस्तू वापरल्यावर फासा टाकतात. 1 किंवा 2 पडले, की पुढच्या वेळी एक पायरी लहान, म्हणजे कमी बाजूंचा, फासा घ्यायचा. खोडरबर लागत नाही.

जुनाडीएम
बाणांसाठी मान्य आहे. मशालींसाठी अजिबात नाही. किती उजेड उरला, हे खेळाडूला नेमके ठाऊक असेल तरच तो परतायचे कधी, ते ठरवू शकतो.

कंदीलधारी
काल दोघांना घेऊन करून पाहिले. मशाली मोजल्या आणि बाणांना फासा ठेवला. शक्ती 2 असलेल्या खेळाडूचे दहाही कप्पे भरलेले होते; तिने बराच वेळ शीटकडे पाहिले आणि दोर खोडून तिथे शंभर नाणी लिहिली. परतीच्या वाटेवर विहीर आहे, हे तिला माहीत होते. चौघांनाही हाच नियम लावणार आहे. फक्त एक राहिले : बेशुद्ध साथीदाराला उचलायचे झाल्यास किती कप्पे धरावेत?

पाऊलखुणा
त्याची पाठपिशवी बरोबर घ्यायची आहे की तिथेच सोडायची आहे?