पाव आण्यावरचे सपाट केस: झीज की कमजोर ठसा?

इतवारीकर:
मोडीच्या तांब्यातून निघालेली नाणी पाहून राहिलो. व्हिक्टोरियाचे १८६२ चे दोन पाव आणे, एडवर्डचे १९०६ चे दोन आणि एक दुदांडी शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, अक्षरांमध्ये दोन आडव्या दांड्या असलेलं). प्रश्न असे:
१८६२ च्या एका नाण्यावर राणीचे कानावरचे केस सपाट आहेत, पण मागची बहुतेक अक्षरं अन् आकडे टोकदार. मग हे ‘फाइन’ (बऱ्यापैकी झिजलेल्या नाण्याची प्रत) धरायचं की त्याच्या वर? दुसऱ्यावर ‘इंडिया’ची अक्षरं दुहेरी दिसतात. ही डाय व्हरायटी (डायमध्येच, म्हणजे नाणं पाडायच्या साच्यातच असलेला फरक) समजायची का? १९०६ ची दोन्ही सारख्याच आकाराची, पण एक हाताला हलकं लागतं. खोटं असेल का? सगळ्यांवर थोडं जंगाल (तांब्यावरचा हिरवा गंज) आहे. लिंबू लावू का?

ढब्बू पैसा:
लिंबू, चिंच, पितांबरी काहीच नको. आम्लाने वरचा तपकिरी थर जातो अन् खाली गुलाबी, नागडं तांबं उरतं. तो रंग पुन्हा काळवंडला तरी जाणकाराला भिंगाखाली लगेच कळतं, अन् भाव कोसळतो.
आधी डिस्टिल्ड पाण्यात (इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात तेच) दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. माती सुटली की काचेच्या वाटीत ॲसिटोन, खिडकी उघडी, जवळपास गॅस नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल अन् रंग असतो. जंगाल घट्ट असेल तर भिंगाखाली बाभळीच्या काट्याने हळूहळू, सुईने नाही. हिरवा थर गडद अन् कडक असेल तर राहू द्या. पोपटी भुकटी असेल अन् पुसल्यावर आठवड्यात परत येत असेल, तर आत क्लोराइड (तांबं खाणारा क्षार) आहे. ते नाणं वेगळं काढून सिलिका जेलसोबत बंद डबीत ठेवा. आपल्याकडे माणसं पावसाळ्याला भितात, पण उन्हाळ्यात कूलरच्या खोलीतल्या कपाटात हवा तितकीच ओली असते.
हलक्या नाण्याचं उत्तर सोपं आहे. १९०६ मध्ये पाव आणा तांब्याचा होता तसा काशाचाही (ब्राँझचा) निघाला. तांब्याचा ६.४८ ग्रॅम, काशाचा ४.८६. दोन दशांश स्थळं दाखवणाऱ्या काट्यावर तोला. दोन्ही खरे असू शकतात.

दोन छटाक:
सपाट केसांवर घाईने शेरा मारू नका. दिवा एकच, एका बाजूने, जवळजवळ टेबलाच्या पातळीत; दहापट भिंग; नाणं हळूहळू फिरवा. झिजलेली जागा गुळगुळीत असते अन् आजूबाजूपेक्षा रंगाने वेगळी. कमजोर ठशाच्या जागी कोऱ्या चकतीची मूळ खरखर तशीच उरते, रंगही शेजारच्या पृष्ठभागासारखाच. मग नाणं उलटून नेमक्या त्याच जागेच्या पाठीमागे पाहा. दोन्ही डायचे खोल भाग समोरासमोर आले की तांबं दोन्हीकडे पुरत नाही, म्हणून मागेही तेवढंच फिकं उठलेलं दिसतं. शिवाय गाल, मुकुटाच्या कमानी अन् पोशाखावरची नक्षी तपासा. नाणं खरंच हातोहात फिरलं असेल तर हेही घासलेले असतात. गाल साबूत अन् फक्त केस सपाट, तर मी त्याच्या वरच्या ‘व्हेरी फाइन’कडे झुकेन.
दुहेरी अक्षरांत फसगत जास्त. ठसा उठल्यावर डाय सैल होऊन घसरली की अक्षराच्या कडेला सपाट पायरी पडते अन् मूळ अक्षर बारीक होतं. त्याला व्हरायटी म्हणत नाहीत. मूळ डायच दुहेरी असेल तर दोन्ही प्रतिमा गोलसर उठाव असलेल्या, अक्षर जाड, अन् टोकाला खाच. तसंच उंचावलेली बारीक रेघ म्हणजे डायची भेग, खोल गेलेली रेघ म्हणजे नंतरचा ओरखडा. लिलावात ‘दुर्मिळ व्हरायटी’ म्हणून निम्म्या वेळा हा ओरखडाच विकतात.
खऱ्या व्हरायटी शोधायच्या तर कंपनीची नाणी बघा: १८३५ च्या पाव आण्यावर माळेतली फळं मोजतात, १८५८ च्या पाव आण्यावर माळेचं वरचं टोक एका पानाचं की दोन पानांचं ते पाहतात. (राम दरबार किंवा हनुमान अन् ‘१८१८’ असलेला ‘अर्धा आणा’ कोणी दिला तर तो अलीकडचा टोकन आहे, पैसे घालू नका.)

रेघोट्या:
शिवराईला वरचे नियम लावू नका. डाय चकतीपेक्षा मोठी असायची, म्हणून एका नाण्यावर पूर्ण ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्र पति’ क्वचितच मिळतं. हातोड्याने पडलेली कडेची फट हा दोष नाही. ‘शिव’ की ‘सिव’, ‘पति’ की ‘पती’, दोन दांड्यांमध्ये काही चिन्ह आहे का, ठिपक्यांचं वलय किती दिसतं, हे लिहून ठेवा. एकाच डायची दोन नाणी ओळखायची तर अर्धवट अक्षरांचे तुकडे ट्रेसिंग पेपरवर उतरवून एकावर एक ठेवायचे.

इतवारीकर:
तोलली. ६.३१ अन् ४.७९. ‘इंडिया’च्या अक्षरांना सपाट पायरीच आहे, खाच नाही. केसांच्या मागची जागाही फिकी आहे, गाल मात्र ठीक. शिवराईवर ‘राजा’ अन् ‘सिव’ वाचता येतं, दांड्यांमध्ये एक पान आहे.

रेघोट्या:
मग शिवराई सगळ्यात आधी नीट उजेडात काढून फोटो टाका, कडेसकट. पान कोणत्या बाजूला झुकलंय तेही दिसलं पाहिजे.