दशमांशाची यादी दाराशी लावावी का?

गोदाकाठ:
आमच्या मंडळीत दोन महिन्यांपासून देणाऱ्यांची यादी चर्चच्या दाराशी लागते. नाव आणि पुढे आकडा. माझ्या आईचं नाव शेवटून दुसरं, १०० रुपये. विधवा पेन्शनवर चालते ती. परवा म्हणाली, "पुढच्या वेळी तुझे ४०० घालून देते, लोक बघतात रे." बायबलमध्ये पौल करिंथकरांना लिहितो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, देणं भाग पडतं म्हणून देऊ नका, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. इथे संतोष कुठे आहे? यादी काढा आणि दशमांशाचा, म्हणजे कमाईतले दहा टक्के चर्चला द्याच, हा धोशाही सोडा.

माजी_खजिनदार:
धोशा सोडला की काय होतं ते मी सहा वर्षं चर्चमधली दानाची थैली मोजून पाहिलंय. गाडीतून उतरणारा माणूस दहाच्या नोटेच्या चार घड्या घालतो, शेजाऱ्याला शंभराची वाटावी म्हणून. त्यानेही 'मनात ठरवलेलंच' असतं! इकडे पाळकसाहेबांचा पगार थकलेला. आणि यादीचं म्हणाल तर येशू स्वतः मंदिराच्या दानाच्या भांडारासमोर बसून लोक कसे टाकतात ते बघत होता. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाचा १२वा अध्याय काढा.

गोदाकाठ:
काढला. दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेला त्याने सगळ्यांच्या वर ठेवलं. तुमच्या यादीत ती शेवटून दुसरी आहे.

शेप_आणि_जिरे:
मलाखी संदेष्ट्याचं 'दशमांश आणा, मी आकाशकपाटे उघडून आशीर्वाद ओततो' हे देवाचं वचन ऐकवून दशमांशाची एफडी करून टाकलीय आपण, एवढे भरा, इतके मिळतील. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा १४वा अध्याय कुणी वाचतच नाही. तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच साठवायचा, लेवी (मंदिराची सेवा करणारे, ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. म्हणजे गोदाकाठच्या आईला तो मिळायला हवा. पुदिना, शेप, जिरे यांचाही दशमांश मोजून देणाऱ्या परुश्यांना, म्हणजे कट्टर धर्मपंथीयांना, येशू काय बोलला ते आठवा.

माजी_खजिनदार:
वाक्य पुरं वाचा की. न्याय, दया, विश्वास सोडला म्हणून तो बोलला, पण दशमांश सोडा असं म्हणाला नाही. आईंचं मात्र पटलं.

वसईवाली:
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे दहा टक्क्यांची सक्ती नाही. तरी बाकावर देणगीदाराची पाटी असतेच, आणि लहानपणी मी प्रवचन सोडून त्याच वाचायचे :)

ऐझॉलहून_परत:
नोकरीसाठी तीन वर्षं मिझोरामला होतो. तिथे बुहफाई थाम म्हणून रीत आहे, १९१० पासूनची. भाताला तांदूळ घेताना घरातली बाई एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. चर्चच्या बायका तो तांदूळ गोळा करतात, विकतात, पैसा चर्चच्या कामाला जातो. आमच्या घरमालकीणबाई फोनवर बोलता बोलताही मूठ टाकायच्या, डब्याकडे न बघता. कुणाची मूठ किती हे कोण मोजणार?

माजी_खजिनदार:
छान. म्हणजे गाडीवाला एका मुठीत सुटला!

ऐझॉलहून_परत:
सुटत नाही, तिथे दशमांशही देतात. मूठ त्याच्या वर.

गोदाकाठ:
यादीचा विषय रविवारी पंचकमिटीपुढे काढतोय. आईला मुठीचं सांगितलं. म्हणाली, रेशनचा तांदूळ चालतो का विचार.