ट्यूब टाकायच्या आधीची तयारी

अतिस्थूल रुग्णाच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकून त्याला व्हेंटिलेटरवर घ्यायची वेळ येते, तेव्हा ‘सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८२ आणि डॉक्टर ट्यूब टाकायची सोडून चादरींच्या घड्या कसल्या घालत बसले?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्या घड्यांनीच जीव वाचतो. स्थूल माणूस उताणा झोपला की पोटाचा भार श्वासपटलावर येतो आणि फुप्फुसातला ऑक्सिजनचा साठा घटतो. निरोगी, सडपातळ माणसाला आधी पुरेसा ऑक्सिजन दिला, तर भुलीच्या औषधाने श्वास थांबल्यावर सॅच्युरेशन ९०वर यायला सात-आठ मिनिटं लागतात. अतिस्थूल माणसात जेमतेम तीन. फुप्फुसं आधीच थकलेली असली तर तेवढीही मिळत नाहीत. म्हणून चादरींच्या घड्या खाली सारून खांदे-डोकं इतकं उचलायचं की कानाचं भोक छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेच्या पातळीत यावं. तसंच बसतं ठेवून घट्ट मास्कने बायपॅप (दाबाने हवा देणारं यंत्र) द्यायचा, आणि ट्यूब टाकतानाही नाकातला ऑक्सिजन चालूच ठेवायचा. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घसा पडद्यावर दाखवणारं कॅमेऱ्याचं उपकरण) आणि बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी) हाताशी हवेत. ट्यूब गेली नाही तर पुढे काय करायचं ते, भुलीचं औषध देण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने बोलून घ्यावं.

आणि हे कृपया लक्षात ठेवा: व्हेंटिलेटरवरचा टायडल व्हॉल्यूम (दर श्वासाला दिली जाणारी हवा) उंचीवरून काढायचा, काट्यावरच्या वजनावरून नाही. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईंचं वजन १३० किलो असलं, तरी उंचीवरून काढलेल्या सुमारे ५२ किलो वजनाला, किलोला ६ मिलीच्या हिशोबाने ३१५ मिलीच्या आसपासच येतो.